मापाचा माणूस

रोज सकाळी साडेसात वाजता भूपाल चौगुले बूट काढून, कमरेचा पट्टा काढून, चष्मा डबीत ठेवून यंत्राच्या नळीत शिरत असे आणि वीस मिनिटं निपचित पडून राहत असे. सरकार त्याला तंत्रज्ञ म्हणून पगार देई. पण त्याचं खरं काम या वीस मिनिटांतच होऊन जाई. काल होतो तसाच आज असणं, हे ते काम. ऐकायला सोपं वाटतं. सात वर्षं करून बघा.

जतच्या पुढं, पवनचक्क्यांच्या माळावर, किशोर विकास केंद्र क्रमांक नऊची इमारत एकटीच उभी होती. आसपासच्या वाड्यांवरची माणसं तिला अढी म्हणत. कैऱ्या गवतात घालाव्यात तशी पोरं तिथं घालायची आणि पिकली की बाहेर काढायची, म्हणून अढी. नाव चेष्टेतलं होतं, पण कायद्याचा अर्थ त्यांना साहेबांपेक्षा बरा कळला होता.

किशोर परिपक्वता कायदा येऊन नऊ वर्षं झाली होती. त्याआधी पोरांच्या गुन्ह्यांबाबत देशात दोनच पक्ष होते. एक म्हणे, चांगली अद्दल घडवा. दुसरा म्हणे, सुधारा, अजून लहान आहेत. दोघं भांडून भांडून दमले, तेव्हा शास्त्रज्ञांनी तिसरी वाट दाखवली. राग, भीती, हाव ही मंडळी मेंदूत खोल आत बसतात आणि त्यांना आवरणारा समजूतदार भाग असतो कपाळाच्या मागं. दोघांमध्ये मज्जातंतूंच्या तारा असतात. विजेच्या तारेवर रबर असतं, तसं या तारांवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टन वयाबरोबर चढत जातं. वेष्टन जितकं जाड, तितका निरोप लवकर पोचतो. पंधराव्या वर्षी ते अर्धवटच असतं. राग हात उचलतो, तेव्हा ‘थांब’ हा निरोप अजून वाटेतच असतो.

यंत्र ही जाडी आणि हा वेग मोजून शंभरपैकी एक आकडा देई. त्याला म्हणत पक्वांक. सत्तर ओलांडले की पोर घरी. शिक्षेची वर्षं नाहीत, छडी नाही, नुसतं पिकेपर्यंत थांबायचं. पिकायला शांतता हवी म्हणून प्रत्येकाला वेगळी खोली, आणि मन ढवळलं तर मापन बिघडतं म्हणून घरच्यांची भेट महिन्यातून एकदा. कुणालाही पटावं असंच सगळं होतं. भूपाललाही ते पटलेलं होतं.

पण कुठलाही तराजू कशाशी तरी ताडून बघावा लागतो. त्यासाठी प्रत्येक केंद्राला एक कृत्रिम मेंदू मिळायचा होता, ठरलेल्या जाडीचे धागे घातलेला एक गोळा. त्याची निविदा कुठंतरी अडकली. मग परिपत्रक निघालं की तोवर चाळिशी ओलांडलेला एक निरोगी माणूस माप म्हणून वापरावा, कारण त्या वयात वेष्टन वाढतही नाही आणि झिजतही नाही. केंद्र नऊमधला मापाचा माणूस म्हणजे भूपाल. त्याचा पक्वांक चौऱ्याऐंशी. यंत्रानं वेगळा आकडा दाखवला तर यंत्र सरकलं असं समजायचं, आणि दुरुस्तीचा आकडा घालून त्याला परत चौऱ्याऐंशीवर आणायचं.

चार वर्षांपूर्वी यंत्र सरकायला लागलं. आधी त्र्याऐंशी, पुढं ब्याऐंशी. भूपालनं दर वेळी दुरुस्ती घातली आणि नोंदवहीत प्रामाणिकपणे लिहून ठेवली. यंत्रं जुनी होतात. माणूस सरकतो असं नियमावलीत कुठंच म्हटलेलं नव्हतं.

*

“किती आलं?” तेजलनं नळीतून बाहेर येता येताच विचारलं.

“एकाहत्तर.”

“खोटं बोलताय काका.”

भूपालनं पडदा तिच्याकडं वळवला. तेजल खोत आकड्याकडं बघत राहिली, मग खुर्चीवर बसली आणि उगाचच चपलेचा अंगठा नीट करू लागली. पुढच्या गुरुवारी तिला अठरा पूर्ण होणार होती. त्याआधी सत्तर झाले नाहीत, तर पोरांना सोलापूरच्या पलीकडं वरच्या केंद्रात पाठवत, एकविसाव्या वर्षापर्यंत. तिथं तर जेवणही खोलीतच.

पंधराव्या वर्षी तिनं आग लावली होती. इचलकरंजीत तिची आई ज्या कारखान्यात मागावर होती, तिथल्या जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, आईला चारचौघांत नको ते ऐकवलं. तेजलनं दुपारी जाऊन त्याच्या मोटरसायकलवर डिझेल ओतलं. शेडच्या मागं वॉचमन आटपाडकर जेवून आडवे झाले होते, हे तिला ठाऊक नव्हतं. आग विझवताना त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत जळाला. तो आता मिटत नाही आणि उघडतही नाही.

“शनिवारी सुटकेचं मंडळ बसंल,” भूपाल म्हणाला. “सही झाली की रविवारी घरी.”

“आटपाडकर मामांना भेटायचं म्हणून दोनदा अर्ज दिलते मी. आता बाहेर गेल्यावर भेटता येतंय का?”

“बाहेर कोण अडवणार?”

दोन्ही अर्ज ‘मापन बिघडेल’ असा शेरा पडून परत आले होते. ते नेऊन देणारा भूपालच होता. तेजल दारापर्यंत गेली आणि वळली.

“काका, तुमचं किती असतंय?”

“चौऱ्याऐंशी.”

“रोज?”

“रोज.”

“कंटाळा येत न्हाई?” असं म्हणून ती हसली आणि गेली. भूपाललाही मागून हसू आलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते लगेच थांबलं.

*

बुधवारी खोकं आलं. सात वर्षं अडकलेली निविदा एकदाची सुटली होती, आणि भुशात गुंडाळलेला कृत्रिम मेंदू केंद्र नऊला पोचला होता. नारळाएवढा पारदर्शक गोळा, आत पांढरे धागे. त्याच्यावर छापलं होतं: ऐंशी.

भूपालनं तो नळीत ठेवला. यंत्रानं अठ्ठ्याण्णव दाखवले.

तीनदा केलं, तीनदा तेच. त्यानं कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो पलीकडून म्हणाला, “साहेब, गोळा कसा चुकेल? त्याला ना घर ना दार. तुमची दुरुस्ती काढून बघा.” भूपालनं चार वर्षांच्या सगळ्या दुरुस्त्या काढल्या. त्यांची बेरीज अठरा होती. यंत्रानं गोळ्याचे बरोबर ऐंशी दाखवले.

मग त्यानं बूट काढले, पट्टा काढला, आणि स्वतः आत जाऊन पडला.

सहासष्ट.

यंत्र चार वर्षं जागच्या जागी होतं. सरकत होता तो. आणि स्वतःला चौऱ्याऐंशी म्हणवून घेण्यासाठी त्यानं प्रत्येक पोराच्या आकड्यात अठरापर्यंत भर घातली होती. तेजलचे एकाहत्तर नव्हते, त्रेपन्न होते. गेल्या दोन वर्षांत घरी गेलेली त्रेचाळीस पोरं, त्यांतलं एकही सत्तरचं नव्हतं. त्रेचाळीस कच्ची पोरं आपण गावात सोडली, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला खरोखरच भीती वाटली.

स्वतःच्या सहासष्टचा विचार त्यानं दुपारी केला. आजार नव्हता, दारू नव्हती. प्रशिक्षणात एक ओळ वाचलेली त्याला आठवली: प्रौढ उंदरांना काही आठवडे एकेकटं ठेवलं, तर कपाळामागच्या तारांचं वेष्टन पातळ होतं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला नव्हता, म्हणून ती विसरून गेली होती.

सरकारी क्वार्टरमध्ये तो एकटा राहायचा. बायको त्रिशला बेळगावात शाळेत शिकवायची, मुलगी तिच्याकडं. पहिली दोन-तीन वर्षं तो दर शनिवारी जायचा. पुढं महिन्यातून एकदा. मग रविवारचा फोन, आणि तोही तब्येत, पाऊस, परीक्षा एवढ्यावर संपणारा. आज बुधवार असूनही त्यानं फोन लावला.

“काय झालं?” त्रिशला घाबरून म्हणाली.

त्यानं सगळं सांगितलं.

“ऐकतेस ना?”

“ऐकत्येय. मला वाटलं, दुसरं काहीतरी सांगताय. हे मला चार वर्षांपूर्वीच कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले होते. घरी येऊन माणूस नुसता भिंतीकडं बघत बसतो, म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, तुलाच हल्ली सगळं वाकडं दिसतंय.” मागं शाळेची घंटा झाली. “तास आहे माझा. ठेवते.”

*

गुरुवार आणि शुक्रवार भूपालनं एकच काम केलं. घरी गेलेल्या पोरांना फोन लावले. त्याआधी केंद्रातून असा फोन कुणी कधीच केला नव्हता. आकडा पुरा झाला की सरकारचं काम संपे.

एक पोरगा मिरजेत तंबोऱ्यांच्या दुकानात खुंट्या घासायला लागला होता. एकीचं लग्न ठरलं होतं, दुसरीनं मोडलं होतं आणि ती त्यावर खूश होती. एक जण भाऊबंदांशी कोर्टात भांडत होता, पण हात न उचलता. दोघं पुन्हा चोरीत सापडले होते. बाकी सगळी बरी होती. संसाराला, कामाला, भांडणाला लागली होती. मग त्यानं जुनी यादी काढली. यंत्र खरं असताना, पुरे सत्तर होईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन वर्षं ठेवून सोडलेली एकोणीस पोरं. त्यांतली सात पुन्हा गुन्ह्यात होती. तिघांच्या आया फोनवर म्हणाल्या, तो खोलीबाहेर येत नाही, तुम्हीच सांगा काय करायचं.

कागदावर दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्यावर फार हुशारी लागत नव्हती. कच्चीच गेलेली पोरं घरी जाऊन पिकली होती. हाका मारणारं कुणी असलं, चिडवणारं, समजूत काढणारं, वाटेत आडवं येणारं कुणी असलं की वेष्टन चढतं. आणि एकेकट्या खोलीत ते झिजतं, मग माणूस पंधराचा असो की अठ्ठेचाळीसचा. आपण जिथं पोरं पिकवायला घालत होतो, तिथंच ती सुकत होती. आकडा वाढत नाही म्हणून आपण त्यांना आणखी ठेवत होतो.

तंबोऱ्याच्या दुकानातल्या पोरानं फोन ठेवता ठेवता विचारलं होतं, “काका, जेवलासा का?” भूपाल हो म्हणाला. नंतर त्याला आठवलं, सकाळपासून त्यानं काही खाल्लेलं नव्हतं. आणि हे त्याला शेवटचं कुणी, कधी विचारलं होतं, तेही त्याला आठवेना.

अधीक्षक कलावती मोहिते यांनी दोन्ही याद्या वाचल्या, चष्मा काढला आणि दार लावून घेतलं. त्या वाईट बाई नव्हत्या. छडीचे दिवस त्यांनी बघितले होते.

“चौगुले, मी नोकरीला लागले तेव्हा पोरांच्या पाठीवरचे वळ मोजायचे. हा आकडा आला तेव्हा मी देवाला नारळ वाढवला. आकडा निदान वळ तरी उठवत नाही.”

“दिसत नाहीत, मॅडम.”

मोहितेबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, “झाकली मूठ सव्वा लाखाची. दुरुस्ती परत घाला. उद्या मंडळात तेजलची सही होऊ दे. सोमवारपासून नवा गोळा वापरा. कुणाला काही कळायचं नाही.”

“आणि सोमवारनंतर जी पोरं इथं येतील?”

“ती सत्तर होईपर्यंत थांबतील. कायदाच आहे तो.”

“मग तेजल गेल्यावर, सोमवारी सांगू.”

मोहितेबाईंनी मान हलवली. “ते जमणार नाही. त्रेचाळीस पोरं चुकून सुटली, तुम्ही नकळत सोडली. म्हणून त्या यादीला वजन आहे. चव्वेचाळिसावी तुम्ही जाणूनबुजून सोडलीत, तर सरकारी वकील म्हणेल, हा माणूस आकडे करतो, याची सगळी यादीच खोटी. मग तेजललाही परत आणतील आणि त्या त्रेचाळिसांनाही.”

बाईंचं बरोबर होतं, आणि भूपालला ते नको होतं. एका बाजूला तेजल. दुसऱ्या बाजूला राज्यातल्या सगळ्या अढ्यांमधली, त्यानं कधी न बघितलेली पोरं. गप्प बसला तर एक पोरगी रविवारी घरी जाईल आणि बाकीची सुकत राहतील. बोलला तर बाकीच्यांना कधीतरी दार उघडेल, पण हिच्यासमोरचं लागेल. त्या खुर्चीवर बसून त्याला रडू आलं. मोहितेबाईंनी पाण्याचा पेला पुढं सरकवला आणि खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

*

मंडळापुढं जाण्याआधी त्यानं तेजलला स्वतः सांगितलं. तिला ते दुसऱ्या कुणाकडून कळावं, हे त्याला बरं वाटेना.

तिनं सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे मी पास झाल्ये हे खोटं.”

“आकडा खोटा. तू नाहीस.”

“मग मला जाऊ दे की. कुणाला कळतंय?”

भूपालनं कारण सांगितलं. सांगताना त्याला स्वतःलाच ते लांबचं वाटलं.

“ती दुसरी पोरं तुमची कोण लागत्यात?” तेजल म्हणाली. “आणि मी कोण लागत्ये?”

ती उठली, भिंतीकडं तोंड करून उभी राहिली आणि तो बाहेर पडेपर्यंत वळली नाही.

मंडळावरच्या न्यायाधीशबाईंनी भूपालचं म्हणणं दीड तास ऐकलं. त्यानं आपला आकडाही सांगितला. “मी सहासष्ट आहे. कायद्यानं मलाही बाहेर सोडता येणार नाही,” तो म्हणाला, आणि कुणी हसलं नाही. बाईंनी यंत्र सील करण्याचा आणि चौकशी समिती नेमण्याचा हुकूम दिला. त्रेचाळीस पोरांना हात लावायचा नाही, असंही लिहिलं. आणि समितीचा अहवाल येईपर्यंत कुणाचाही आकडा ग्राह्य धरू नये. म्हणजे तेजलचाही नाही. गुरुवारी तिला अठरा झाली, आणि शुक्रवारी गाडी तिला सोलापूरच्या पलीकडं घेऊन गेली.

*

सरकारी काम आणि सहा महिने थांब. इथं सहाचे नऊ झाले, तरी समितीचा अहवाल आला नव्हता. भूपालला कामावरून बाजूला ठेवलं होतं, क्वार्टर सोडायला लागली, आणि त्यानं मिरजेत एक खोली घेतली. बेळगावला तो दोनदा जाऊन आला. त्रिशलानं जेवायला वाढलं, मुलीनं कॉलेजचं काहीबाही सांगितलं, आणि राहा असं दोघींपैकी कुणी म्हणालं नाही. त्यानंही विचारलं नाही.

मापन बंद होतं, म्हणून वरच्या केंद्रात आता आठवड्याला एक भेट मिळे, आणि भेटीला एकच माणूस. तेजलच्या आईला दिवसाचा खाडा परवडत नव्हता, म्हणून तिनं भूपालचं नाव लिहून दिलं. दर रविवारी तो पहाटेची एसटी धरायचा. पहिले पाच रविवार तेजल बाहेर आलीच नाही. तो जाळीसमोरच्या खुर्चीवर तासभर बसायचा आणि परत यायचा. शिपाई त्याला ओळखायला लागला, “बसा काका,” म्हणायला लागला. एवढ्यावरही त्याचा आठवडा निघायचा. सहाव्या रविवारी तेजल आली आणि बोलली नाही. सातव्या रविवारी म्हणाली, “केस पिकले की तुमचे.”

मग ती बोलायला लागली. जेवणाबद्दल, शेजारच्या खोलीत भिंतीवर टिचक्या मारणाऱ्या पोरीबद्दल. तो तिला घरी गेलेल्या पोरांच्या गोष्टी सांगायचा. रविवार संपला की तो पुढच्या रविवारसाठी काय काय सांगायचं ते मनात जमवत राहायचा. आयुष्यात त्याला इतकं बोलायला कधी लागलं नव्हतं. आपल्याला बरं वाटतंय, हे त्याला कळत होतं, आणि त्याची थोडी लाजही वाटत होती.

एका रविवारी तेजल म्हणाली, “पुढच्या वेळी तुम्ही येऊ नका.”

“का गं?”

“भेट एकच असतीय. आटपाडकर मामांना पाठवा. इथं कुणी माझं मापन करत न्हाई आता, बिघडायचं काय?”

“ते यायचे नाहीत.”

“विचारा तर.”

त्यानं इचलकरंजीला जाऊन विचारलं. आठ दिवसांनी आटपाडकरांनी निरोप धाडला, येतो म्हणून, पण बस कुठली ते आपल्याला ठाऊक नाही. भूपाल त्यांना घेऊन गेला. खिडकीशी बसवलं, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून दिलं, केंद्राच्या दारात पासवर त्यांचं नाव घालून दिलं. शिपाई म्हणाला, “आज तुम्ही न्हाई काका?” तो नाही म्हणाला आणि रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली जाऊन बसला.

तासानं आटपाडकर बाहेर आले. दोघं एसटीची वाट बघत उभे राहिले.

“काय म्हणाली?” भूपालनं शेवटी विचारलं.

“काय न्हाई. हात बघत बसली. जाळीतनं बोट घालून हितं हात लावला.” आटपाडकरांनी मनगटाजवळची जागा दाखवली. “मी रागवायचं ठरवून आलतो. तीन वर्षं काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. बोललो बी सगळं. तिनं ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी परत या म्हणाली.”

“मला?”

“न्हाई,” आटपाडकर म्हणाले. “मला.”

पुढच्या रविवारी आटपाडकर एकटे गेले असते, बस त्यांना कळली होती. तरी भूपाल पहाटे मिरजेच्या स्टँडवर जाऊन उभा राहिला. इचलकरंजीची गाडी आली, आटपाडकर उतरले, भूपालनं त्यांना सोलापूरच्या गाडीत जागा धरून दिली आणि बाटलीचं झाकण सैल करून ठेवलं. गाडी हलली तेव्हा आटपाडकरांनी खिडकीतून वाकून विचारलं, “पाव्हणं, तुमचं जेवणखाण?” भूपाल म्हणाला, करतो आता. गाडी वळली. रविवारचा सगळा दिवस त्याच्यापुढं मोकळा पडला होता. तो बाकावर बसला आणि बेळगावची गाडी किती वाजता सुटते, ते फळ्यावर बघत राहिला.